ॲस्ट्रिड लिंडग्रेनची एकटी मुलं

स्वीडिश बालसाहित्यकार ॲस्ट्रिड लिंडग्रेनचं नाव निघालं की पाठोपाठ तिच्या पुस्तकांतली पिप्पी लाँगस्टॉकिंग येतेच. लाल वेण्या, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, घोडा सहज उचलणारी आणि शाळेला न जुमानणारी नऊ वर्षांची पोरगी. मग ‘मुलींना बळ देणारी लेखिका’, ‘खोडकरपणाची राणी’ वगैरे विशेषणं. यातलं काहीच खोटं नाही. पण एवढ्यावरच विषय संपतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण या बाईने आयुष्यभर जे लिहिलं ते त्या खोड्यांच्या आड आहे. तिच्या पुस्तकांतली कितीतरी मुलं एकटी आहेत. कुणाची तरी वाट बघणारी.

पिप्पीच घ्या. आई ती तान्ही असतानाच गेली, बाप वादळात जहाजावरून समुद्रात फेकला गेला. एवढ्या मोठ्या घरात ती, एक माकड आणि व्हरांड्यातला घोडा. रात्री ‘झोप आता’ म्हणणारं कोणी नाही, म्हणून ती स्वतःच स्वतःला सांगते. आधी गोडीत, मग दरडावून, तरी ऐकलं नाही तर फटका मिळेल म्हणून. मुलं इथे खदखदून हसतात. मोठ्या माणसाला मात्र हसता हसता थांबावं लागतं. आणि पिप्पीच्या तिसऱ्या पुस्तकाचा शेवट तर सहसा कोणी सांगतच नाही. टॉमी आणि अनिका ही शेजारची मुलं आपल्या खिडकीतून बघतात, तर पिप्पी स्वयंपाकघरात टेबलावर हात दुमडून, त्यावर डोकं टेकून मेणबत्तीकडे बघत बसलेली. तिने इकडे पाहिलं तर आपण हात हलवू, असं ती दोघं म्हणतात. ती बघत नाही. मेणबत्ती विझवते. जगातल्या सगळ्यात ताकदवान मुलीची गोष्ट लेखिका इथे आणून संपवते.

हे कुठून आलं ते समजायला तिचं तरुणपण बघावं लागतं. १९०७ चा जन्म, स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांतातलं विमरब्यू गाव, नेस नावाचं शेतघर. बालपण सुखाचं. शाळा संपवून ती गावच्या वर्तमानपत्रात कामाला लागली आणि अठराव्या वर्षी तिला दिवस गेले. मूल संपादकाचं, जो तिच्याहून तीस वर्षांनी मोठा आणि घरसंसार असलेला. गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही, ती स्टॉकहोमला गेली. बाळंतपणासाठी तिने कोपनहेगन गाठलं, कारण तिथल्या मोठ्या रुग्णालयात बापाचं नाव सांगायची सक्ती नव्हती. डिसेंबर १९२६ मध्ये लार्स जन्मला आणि तिथल्याच एका पालक-आईकडे राहिला. ही परत स्टॉकहोमला. लघुलेखन, टंकलेखन, तुटपुंजा पगार, आणि पैसे साठले की डेन्मार्कची रेल्वे. अशी तीन वर्षं.

१९३० मध्ये ती पालक-आई आजारी पडल्यावर लार्स स्वीडनला आला. अनोळखी आई, अनोळखी भाषा. तो आवाज न करता रडायचा, आणि ते रडणं पुढे कायम आपल्या आत राहिलं, असं ॲस्ट्रिडने नंतर सांगितलंय. मुलांची बाजू आपण इतक्या हट्टाने का घेतली, याचं मूळ तिला तिथेच दिसत होतं.

आता १९५४ चं ‘मिओ’ वाचा. स्टॉकहोममध्ये दुसऱ्याच्या घरी वाढणारा नऊ वर्षांचा बोसे. त्या घरात तो कुणालाच नकोय. संध्याकाळी बागेतल्या बाकावर एकटाच बसलेला असताना त्याला दूरदेशीचं बोलावणं येतं, आणि तिथला राजाच त्याचा बाप निघतो. साहसं आहेत, राक्षसी सरदार आहे. पण मला पुन्हा पुन्हा दिसतं ते एकच: बापाने ‘माझा मिओ’ म्हणावं म्हणून आसुसलेलं पोर. ‘रास्मुस’ही तसाच. अनाथाश्रमातला सरळ केसांचा मुलगा, ज्याला पक्कं ठाऊक आहे की दत्तक घेणारी माणसं कुरळ्या केसांच्या मुलीच पसंत करतात. त्या पुस्तकासाठी तिला १९५८ मध्ये बालसाहित्यासाठीचं हान्स ख्रिश्चन अँडरसन पदक मिळालं.



१९७८ मध्ये जर्मन पुस्तक-व्यावसायिकांनी तिला शांतता पुरस्कार दिला. भाषण आधी पाठवल्यावर आयोजकांकडून सुचवलं गेलं की नुसता पुरस्कार स्वीकारावा, भाषण नको. भाषण नाही तर मीही येत नाही, असं तिने कळवलं. मग फ्रँकफुर्टमध्ये तिने ते पूर्ण केलं. त्यात एका आईची गोष्ट आहे. मुलाला पहिल्यांदाच मार द्यायचं ठरवून ती त्यालाच छडी शोधून आणायला बाहेर पाठवते. बऱ्याच वेळाने पोरगा रडत येतो. छडी मिळाली नाही, पण हा दगड आणलाय, तो तू मला मार, म्हणतो. आईला आपल्याला दुखवायचंच असेल तर दगडाने तरी काय बिघडलं, असा त्याचा साधा हिशोब. आई त्याला जवळ घेऊन रडते आणि तो दगड फळीवर ठेवून देते, कायमचा, समोर दिसेल असा. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, मुलांना मारण्यावर घरातसुद्धा बंदी घालणारा स्वीडन जगातला पहिला देश ठरला. हा कायदा एकट्या तिच्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही. त्याची तयारी आधीपासून चालू होती. पण लोकांच्या मनात जागा करायचं काम कायद्याच्या कलमांना जमत नाही, ते तिच्यासारख्यांनी केलं.

त्याआधी १९७३ मध्ये ‘लायनहार्ट बंधू’ आलं तेव्हा मोठी माणसं हादरली होती. आजारी धाकटा भाऊ, आग, त्याला पाठीवर घेऊन खिडकीतून उडी मारणारा थोरला, मृत्यूनंतरचा देश आणि शेवटी पुन्हा एक उडी. हे मुलांना कसं द्यायचं, असा सूर निघाला. मला हा आक्षेप कधीच पटला नाही. मृत्यूची भीती मुलांना पुस्तकातून लागत नाही, ती आधीच त्यांच्या मनात असते. पुस्तक फक्त त्या अंधारात सोबत करतं. मुलीला हे मोठ्याने वाचून दाखवताना माझाच आवाज फुटेना, आणि ती मात्र शांतपणे म्हणाली, पुढे वाच.

आणि आणखी एक गोष्ट. १९७१ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीने ॲस्ट्रिडला पत्र लिहिलं. भडक, फुशारक्या मारणारं, सिनेमात काम मिळवून द्या म्हणणारं. साठी ओलांडलेल्या, जगभर नाव झालेल्या ॲस्ट्रिडने तिला चांगलं खरमरीत उत्तर धाडलं. मुलीने रागाने ते फाडून टाकलं, तरी नंतर पुन्हा लिहिलं. घरी आणि शाळेत दोन्हीकडे अडचणीत असलेली ती पोर पुढे कितीतरी वर्षं हिला पत्रं लिहीत राहिली आणि हिची पत्रं गादीखाली जपून ठेवत गेली. २०१२ मध्ये त्या पत्रांचं पुस्तक झालं. तारखा जुळवून बघा. मुलांना एवढं दुःख झेपणार नाही असं समीक्षक सांगत होते, आणि त्याच वर्षांत एका खऱ्या मुलीचं दुःख ॲस्ट्रिडच्या घरी टपालाने येत होतं. मुलांना काय झेपतं यावर मी तिचा शब्द मानते, समीक्षकांचा नाही.