दोन 'म', एकच ओरखडा

सकाळी एकाने पोस्टर पाठवलं. सोबत मेसेज: 'एकदम हाताने लिहिल्यासारखं वाटतंय ना?' मथळा 'मनमोकळं'. ब्रशचा खरखरीत फॉन्ट, रंग मध्येच सुटलेला, शिरोरेषेची टोकं फाटलेली. आणि दोन्ही 'म'च्या दांडीवर एकच ओरखडा. तोच, तिथेच, तेवढाच. कुठला हात असं लिहितो हो?

आमचे अण्णा बोर्ड रंगवायचे. मी रंगाचा डबा धरून शेजारी उभी. ब्रश कोरडा पडून रेघ फाटली की ते वैतागायचे, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायचे, पुन्हा ओढायचे. अण्णांनी जन्मभर जे पुसलं, ते आता 'टेक्स्चर' म्हणून विकत मिळतं!

बरं, मिळू दे. पण रेघ फाटते कुठे? ब्रशमधला रंग संपत येतो तिथे, नाहीतर हात झपकन फिरतो तिथे. इथे काना सुरू होतानाच रंग संपलाय आणि खाली येईस्तोवर परत भरलाय. डबा मध्येच कोणी धरला होता?

हे खूळ आजचं नाही, मान्य. १९४२च्या 'ब्रश स्क्रिप्ट' या इंग्रजी फॉन्टच्या कडा तरी गुळगुळीत होत्या. १९५३ मध्ये रॉजे एक्सकोफाँ या फ्रेंच अक्षरकाराने स्वतःच्या हस्ताक्षरावरून 'मिस्त्राल' फॉन्ट केला, तेव्हा ती खरबरीत कड छपाईच्या धातूच्या खिळ्यातही आली. पण खिळा म्हटल्यावर अक्षर दरवेळी तेच उमटणार, त्याला इलाज नव्हता. आज एकाच अक्षराची तीन-चार रूपं फॉन्टमध्ये ठेवता येतात, शेजारचं अक्षर पाहून ती आपोआप बदलतातही. करणारे ठेवत नाहीत. ठेवली तर वापरणारे चालू करत नाहीत. आळस, दुसरं काय!

वर कहर म्हणजे पत्ता आणि वेळही त्याच फॉन्टात. एवढ्याशा अक्षरात ते ओरखडे छपाईतली घाण वाटतात. बोर्डावर चिकटवायच्या विनाइलवर कापून बघा एकदा, एकेक ठिपका सोलताना नखं जातील.

(मीही मैत्रिणीच्या गाण्यांच्या अल्बमवर असलाच फॉन्ट वापरलाय. शोभला. पण एकच शब्द होता, कव्हरभर, आणि एकही अक्षर दोनदा नव्हतं.)

लिहितालिहिता राग जरा उतरला, कारण आत्ताच आठवलं. एकदा, एकदाच, अण्णांनी फाटलेली रेघ पुसली नव्हती. 'र'चा पाय होता. फडकं हातात घेतलं, चार पावलं मागे गेले, डोळे बारीक करून बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे गं. पळतोय तो."

पोस्टरवाल्या मित्रा, छापू नकोस अजून. फाइल पाठव. दुसरा 'म' मी लिहून देते.