2520 आणि आमच्या भाऊजींचा फॉरवर्ड

तो 2520 वाला मेसेज तुम्हालाही आला असेल. ‘रामानुजन यांनी शोधलेली विचित्र संख्या! 1 ते 10 पैकी कशानंही पूर्ण भाग जातो. अशी दुसरी संख्या जगात नाही. गणितज्ञ थक्क. रहस्य: आठवड्याचे 7 दिवस × महिन्याचे 30 दिवस × वर्षाचे 12 महिने = 2520.’

भाऊजींनी तो घरच्या ग्रुपवर तीनदा टाकला, मी तीनदा गप्प बसलो. परवा दारव्ह्याला बहिणीकडे गेलो, तर सहावीतला भाचा मलाच ऐकवतो, “मामा, जगात अशी एकच संख्या हाये.” काहून बे? तर म्हणे, पप्पाच्या मोबाईलात आहे. आणि या पोट्ट्याला शाळेत सध्या लसावि सुरू आहे!

खताच्या बिलाची कोरी बाजू त्याच्यापुढे ठेवली. 2520 ची दुप्पट कर. 5040. आता भाग. 10 नं 504, 9 नं 560, 8 नं 630, 7 नं 720. सहावर यायच्या आधीच पेन थांबला. तिप्पट केली तरी तेच, चौपट केली तरी तेच. अशा संख्यांना अंत नाही, 2520 त्यातली फक्त सगळ्यात लहान. 5, 7, 8, 9 गुणा, झाली 2520. बाकीचे 2, 3, 4, 6, 10 त्यातच आले. यालाच लसावि म्हणतात. 1 ते 20 चा पाहिजे असेल तर 23,27,92,560 घ्या आणि करा फॉरवर्ड.

आता ते ‘रहस्य’. गुणाकार बरोबर आहे, पण एकर, क्विंटल आणि बैलजोड्या एकमेकांनी गुणल्यासारखा. शिवाय 30 दिवसांचे 12 महिने म्हणजे 360. हे वर्ष कोणाचं? आपलं चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, सूर्याचं 365 च्या वर. हे 11 दिवस साचतात म्हणून तर धोंड्याचा महिना येतो. 2023 च्या अधिक श्रावणात आमच्याकडे अनारसे खाल्ले, ते कशाचे होते, भाऊजी?

थक्क झालेले गणितज्ञ कोण, कुठले, हे मेसेजात नाही. सोडा.

रामानुजनचं मात्र अर्धं खरं आहे, मानावं लागतं. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात 1915 साली त्यांचा एक मोठा लेख आला. विषय: ज्यांच्याइतके विभाजक त्यांच्याहून लहान कोणत्याच संख्येला नसतात, अशा संख्या. त्यांच्या यादीत 2520 आहे, विभाजक 48. पण ती तिथं बाकीच्यांसोबत रांगेत उभी आहे. रांग जाते 6746328388800 पर्यंत, तिचे विभाजक 10,080. थक्क व्हायचंच तर इथं व्हा, हे सगळं हातानं केलेलं आहे. त्यातही एक सुटली, 293318625600.

“म्हणजे रामानुजनचं बी चुकलं?” भाच्यानं विचारलं. म्हटलं, सुटलेल्या संख्येला 23 नं गुणून पाह्य, काय येते. बिल पुरलं नाही, तो आता कॅलेंडरच्या मागं गुणतो आहे.