खिळा? ब्रेकच्या पेडलला?

चार रविवार. चार रविवार मी गाडीखाली उताणा पडून आहे, आणि ज्याने हे काम आधी केलं त्याच्या नावाने बोटं मोडतोय. गाडी १९५१ ची मॉरिस मायनर. ९१८ सीसीचं साइडव्हॉल्व्ह इंजिन. आजोबांनी घेतली, बाबांनी सांभाळली, आता माझ्याकडे आहे. क्लच घसरतोय म्हणून गेल्या पावसाळ्याआधी एका गॅरेजमध्ये दिली होती. "जुन्या गाड्यांचंच काम करतो आम्ही, साहेब, काळजीच सोडा." सोडली काळजी. दोन महिन्यांनी गाडी परत आली. नवी क्लच प्लेट टाकली म्हणाले, बिलही तसंच घेतलं.

मग एका शनिवारी खंबाटकीच्या घाटात गाडी आपोआप जड व्हायला लागली. ॲक्सिलरेटर दाबतोय पण ओढतच नाही. ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक. चाकांतून करपल्याचा वास. मागच्या सीटवर माझी मुलगी. कडेला घेऊन उभे राहिलो. तासाभराने ब्रेकचे ड्रम थंड झाल्यावर गाडी सुटली आणि आम्ही जीव मुठीत धरून घरी आलो.

घरी येऊन मॅट उचलली. या गाडीचा मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांच्या ब्रेककडे ढकलणारा पंप, पायाखाली, चेसिसच्या पोकळ दांडीत बसवलेला आहे. ब्रेक ऑइल घालायचं तरी आधी मॅट काढा, फरशीतलं झाकण उघडा, आजूबाजूची माती पुसा, मगच टोपण फिरवा. इथे माती पुसलेलीच नव्हती. टाकीच्या तळाशी बोटाला रेती लागली! ब्रेक ऑइलमध्ये रेती!

आणि मग दिसला तो खिळा.

पेडल आणि पुशरॉड (सिलेंडरमधला पिस्टन ढकलणारी दांडी) जोडणारी जी क्लेविस पिन असते, तिच्या जागी एक साधा बोल्ट घातलेला. आटे थेट भोकात घासतायत, भोक लांबट झालेलं. त्या बोल्टला आडवं भोक पाडून स्प्लिट पिनच्या (निसटू नये म्हणून घालायच्या दोन पायांच्या तारेच्या) जागी सुतारकामाचा खिळा घालून वाकवलाय. दीड इंची, गंजलेला, डोक्यासकट. अरे, स्प्लिट पिनेला किती पैसे पडतात? चहाच्या एका कपाहून कमी. हा खिळा तुटला असता तर बोल्ट सरकला असता, पेडल फरशीला टेकलं असतं आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम गेला असता. 

ब्रेक धरून का बसला, तेही कळलं. पुशरॉड आणि पिस्टनमध्ये मिलिमीटरभर फट ठेवावीच लागते. पाय उचलल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की सिलेंडरमधलं एक बारीक भोक उघडं होतं आणि गरम होऊन फुगलेलं ऑइल त्यातून टाकीत परत जातं. फट नसेल तर पिस्टन त्या भोकावरच अडून राहतो. ऑइल फुगतं, जायला वाट नाही, ब्रेकचे शू ड्रमला घासतात, ड्रम आणखी तापतो, ऑइल आणखी फुगतं. या महाशयांनी पेडल "वर लागावं" म्हणून रॉड ताणून फट शून्य करून ठेवली होती. गिऱ्हाइकाला पेडल कडक लागलं की तो खूश होतो ना!

क्लचची कथा तर ऐकाच. तिथेही क्लच जुळवायचा नट इतका आवळलेला की पेडलला वर जराही प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, नाही. म्हणजे पेडल दाबल्यावरच क्लचला टेकायचं ते रिलीज बेअरिंग कायम टेकलेलं. या गाडीचं बेअरिंग कार्बनचं असतं, ते खडूसारखं झिजतं. आणि प्ले नसला की क्लच घसरणारच. म्हणजे मुळात जो नट दोन वेढे सैल करून बघायला हवा होता, तो बघितलाच नाही. प्लेटचे पैसे घेतले आणि नट पुन्हा तसाच आवळून दिला. रिटर्न स्प्रिंग तर कुठल्यातरी मोटरसायकलच्या स्टँडची, तारेने बांधलेली.

मास्टर सिलेंडरचे दोन बोल्ट आडवे आहेत आणि त्यांच्या अगदी शेजारून टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी सस्पेन्शनची दांडी) जातो. बोल्ट ओढला की बारला आपटतो, बाहेर येत नाही. सस्पेन्शनचा भार उतरवून बार बाजूला करावा लागतो. कटकटीचं काम आहे, मान्य. ज्या इंजिनिअरांनी ही रचना केली त्यांच्यावरही मी या चार रविवारांत पुष्कळ चिडलो. पण त्यांनी बोल्ट तरी पूर्ण लांबीचा दिला होता. या माणसाने बार हलवायचा कंटाळा केला, बोल्ट हॅकसॉने कापला आणि आखूड बोल्टावर नट जेमतेम दोन आट्यांवर अडकवला. कापलेल्या टोकावर करवतीच्या दातांच्या खुणा अजून दिसतायत.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमाने व्हिंटेज गाड्यांच्या VA मालिकेचा नंबर मिळतो, २०,००० रुपये भरून. गाडी मूळ रूपात हवी, असं त्यात म्हटलंय. बाहेरून माझी गाडी मूळ रूपातच आहे हो! क्रोम चकचकीत, रंग तोच.

खिळा कागदात गुंडाळून गॅरेजमालकाकडे घेऊन गेलो. त्याने तो हातातही घेतला नाही. "अहो, पण गाडी चालत होती ना?" चालत होती! गाडी चालण्याबद्दल तक्रार कोणाची आहे? ती थांबते का, ते बोल ना बाबा!

आता बार उतरवून पूर्ण लांबीचे बोल्ट घातलेत. नव्या क्लेविस पिना, नव्या स्प्लिट पिना, प्रत्येकीचे दोन्ही पाय नीट उघडून वाकवलेले. सिलेंडर धुऊन नवे रबर टाकले. पेडलच्या शाफ्टचा बुश (आतली धातूची नळी) मात्र झिजलाय, पेडल आडवं हलतं. टर्नरला माप दिलंय, गुरुवारी देतो म्हणालाय. तोवर गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.