झालं सर, धन्यवाद!

शिक्षक मित्रहो, वर्गातलं तंत्रज्ञान शिकायचं असेल तर शिक्षकांच्या एखाद्या ऑनलाइन ग्रुपात शिरण्यासारखा राजमार्ग नाही. माहितीपुस्तिका वाचायला नको, सेटिंग्ज धुंडाळायला नकोत. मी स्वतः तीन ग्रुपांत आहे. गेल्या मंगळवारपासून तर या विषयात चार गोष्टी सांगायचा अधिकारही आपल्याला आलाय, असं मी समजते.

मंगळवारी वर्गात नव्या इंटरॅक्टिव्ह पॅनलचा, म्हणजे बोटाने चालणाऱ्या मोठ्या पडद्याचा, पहिला दिवस होता. माझी टिपणं लॅपटॉपवर आणि मुलांना पॅनलवर फक्त धडा, अशी मांडणी केली होती. चित्र झकास आलं. त्रिकोणाचा कोन दाखवायला पॅनलवर बोट टेकवलं तर पॅनल ढिम्म, आणि तिकडे लॅपटॉपवरची टिपणं बंद! पुन्हा टेकवलं, तिकडे आणखी काहीतरी उघडलं. इतकी एकाग्र मुलं मी वर्षभरात पाहिली नव्हती.

मधल्या सुट्टीत ग्रुपवर प्रश्न टाकला. पहिली चूक तिथेच झाली, कारण मी सगळं सविस्तर लिहिलं. एचडीएमआय केबलने चित्र जातं, यूएसबी केबलने स्पर्श परत येतो, दोन्ही जोडल्यात, दोन्ही तपासल्यात. तुम्ही असलं काही करू नका. 'पॅनल चालत नाही, अर्जंट' एवढंच लिहा. कारण काहीही लिहिलंत तरी पहिलं उत्तर ठरलेलं आहे : 'मॅडम, केबल जोडलीय का?'

उत्तर माहीत नसेल तर गप्प बसू नका. 'सेम प्रॉब्लेम' लिहा.

उत्तर माहीत असेल तर मात्र चारचौघांत देऊ नका. 'पर्सनलला या' म्हणायचं. विद्या दिल्याने वाढते हे फळ्यावर लिहायला ठीक आहे.

'माझ्याकडे तर नीट चालतंय' हेही आवर्जून कळवा. समोरच्याला धीर येतो.

दर आठवड्याला 'शिक्षकांसाठी १०० उपयुक्त ॲप्स' ही यादी पुढे ढकलत राहा. त्यातलं एकही उघडून पाहू नका, मन खट्टू होईल. गूगलने जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला. आमच्या यादीत तो अजून वरच्या पाचांत आहे आणि खाली टाळ्यांचा कडकडाट.

स्वतः बनवलेली प्रश्नपत्रिका शेअर करताना परवानगी द्यायला विसरा, म्हणजे प्रत्येकाला तुमच्याकडे अर्ज करावा लागेल. किंवा सगळ्यांना बदल करायची मुभा द्या. पहिलाच येणारा तुमचं नाव खोडून स्वतःचं टाकतो. (गूगल डॉक्सच्या लिंकच्या शेवटचं 'एडिट' काढून तिथे 'कॉपी' लिहिलं तर ज्याला त्याला आपापली प्रत मिळते. पण असल्या किरकोळ गोष्टींना ग्रुपवर जागा कुठे?)

वेबिनार चुकवू नका. निदान त्याचा फीडबॅक फॉर्म तरी. तो भरला की प्रमाणपत्र मिळतं.

आता नवीन सोय. कुणी काही विचारलं की प्रश्न उचलून चॅटजीपीटीला द्यायचा आणि आलेलं उत्तर 'नक्कीच! खाली काही उपाय दिले आहेत' या ओळीसकट चिकटवायचं. मला असे तीन आले. तिन्हींत पहिला उपाय रीस्टार्ट.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं : प्रश्न सुटला की कसा सुटला ते सांगू नका.

त्याच रात्री जुने मेसेज शोधत बसले होते. दोन वर्षांपूर्वीचा एका बाईंचा सापडला. अगदी माझाच प्रश्न! बोट पॅनलवर, हालचाल लॅपटॉपवर. खाली केबल, खाली रीस्टार्ट, खाली 'सेम प्रॉब्लेम', आणि शेवटी त्याच बाईंचा मेसेज : 'झालं सर, धन्यवाद!' वर हात जोडलेले. त्याला सत्तावीस अंगठे. सत्तावीस! त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाई, झालं म्हणजे काय झालं? मी त्यांना पर्सनलला गेले. उत्तर आलं, 'आता आठवत नाही हो, सेटिंगमध्येच काहीतरी होतं.' काहीतरी होतं! सेटिंगमध्ये काहीतरी असतं हे मला ठाऊक होतं, म्हणून तर विचारत होते!

रात्री उशिरा माझं मलाच सापडलं. दोन पडद्यांवर वेगवेगळं काही दाखवत असलो, म्हणजे 'एक्स्टेंड'वर असलो, की आलेला स्पर्श कुठल्या पडद्याचा हे विंडोजला कळत नाही, तो लॅपटॉपच्या नावावर जातो. ज्यांच्या दोन्ही पडद्यांवर एकच चित्र असतं त्यांना फरकच जाणवत नाही, म्हणून 'माझ्याकडे नीट चालतंय'. कंट्रोल पॅनलमध्ये 'टॅब्लेट पीसी सेटिंग्ज' उघडायचं, 'सेटअप' दाबायचं, टच निवडायचं. पांढऱ्या पडद्यावर सूचना येते. ती लॅपटॉपवर आली तर एंटर दाबायचं, पॅनलवर आली की पॅनलला बोट लावायचं. बस.

हे लिहायला मला दोन मिनिटं लागली. त्या बाईंनाही दोनच लागली असती. पोराने गणिताचं नुसतं उत्तर लिहिलं तर 'रीत कुठेय?' म्हणून आपण मार्क कापतो ना? मग स्वतःची वेळ आली की रीत कुठे जाते? हजारभर शिक्षक एका ठिकाणी जमलोय आणि प्रत्येक जण तीच किल्ली नव्याने शोधतोय. लाज वाटत नाही? मलाही वाटायला हवी. गेल्या वर्षी प्रिंटरच्या वेळी 'झालं, थँक्स' लिहून मीही निघून गेले होते.

उत्तर मी तिन्ही ग्रुपांवर टाकलंय, पायरीपायरीने. पहिला प्रतिसाद दोन मिनिटांत आला : 'मॅडम, याची पीडीएफ मिळेल का?'