'जाणकार वाचक' यांना उत्तर (जरा लांबलं आहे)

नमस्कार.

डोरोथी सेयर्सच्या रहस्यकथांमधला उमराव गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी याच्यावरच्या माझ्या लेखाखाली 'जाणकार वाचक' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. एकदा रात्री, एकदा सकाळी चहाबरोबर. सकाळीही ती तेवढीच कडू लागली, म्हणून हे उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बीबीसीने १९७२ ते १९७५ या काळात डोरोथी सेयर्सच्या कादंबऱ्यांवर पाच मालिका केल्या. त्यातला आयन कार्माइकल हाच माझ्या लेखी खरा विम्झी, असं मी लिहिलं होतं. जाणकारांच्या मते कार्माइकल त्या भूमिकेसाठी वयाने फार मोठा होता, पहिल्या महायुद्धाने आतून मोडलेला विम्झी त्याने हरवला आणि मागे उरला फक्त मोनोकल (एका डोळ्याचा चष्मा) लावलेला हसरा उमराव. १९८७ च्या मालिकेतला विम्झी, एडवर्ड पेथरब्रिज, त्यांना कितीतरी सरस वाटतो. विम्झीचा नोकर बंटर याच्याबद्दलची माझी एक चूकही त्यांनी दाखवली. आणि जाता जाता हे वाक्य: "पुस्तकं न वाचता नुसत्या मालिका बघून लिहिणाऱ्यांची हल्ली साथच आली आहे."

आधी चूक मान्य करतो, उगाच हेकेखोर म्हणून शिक्का नको. पाचही मालिकांत बंटर म्हणजे ग्लिन ह्यूस्टन, असं मी लिहून गेलो. त्यातल्या 'बेलोना क्लब' या मालिकेत ते काम डेरेक न्यूअर्कने केलं आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता त्या साथीकडे वळू.

साहेब (किंवा बाई, टोपणनावावरून कळत नाही), मी सेयर्स पहिल्यांदा वाचली तेव्हा आमच्या घरी टीव्ही नव्हता. वडील कारकून होते. पगाराच्या दिवशी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून एखादं जुनं इंग्रजी पुस्तक आणायचे आणि आईच्या नजरेला पडू नये म्हणून डब्याच्या पिशवीत ठेवायचे. त्यातलंच एक 'द नाइन टेलर्स'. मी तेव्हा अकरावीत. घंटा वाजवण्याबद्दलची निम्मी वाक्यं डोक्यावरून जात होती. नववर्षाच्या रात्री चर्चच्या आठ घंटा क्रम बदलत बदलत वाजवायच्या, असे १५,८४० फेरबदल, सलग नऊ तास. आणि एक वाजवणारा फ्लूने आजारी पडला म्हणून गाडी खड्ड्यात घालून गावात अडकलेला विम्झी त्याच्या जागी दोर धरतो. डिक्शनरी घेऊन बसलो होतो. तिनेही फारशी मदत केली नाही.

आणि त्या प्रतीची शेवटची पानं फाटलेली होती! ज्यांनी ते पुस्तक वाचलं आहे त्यांना कळेल की नेमकी शेवटची पानं नसणं म्हणजे काय. खून कोणी केला, या प्रश्नाचं उत्तर जिथे मिळतं तिथेच माझं पुस्तक संपत होतं. मी स्वतःच तीन शेवट रचले होते. तिन्ही चुकीचे निघाले. खरा शेवट वाचायला मिळाला तो थेट १९९६ साली, नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लेस्टरला होतो तेव्हा, तिथल्या सार्वजनिक वाचनालयात. उभ्यानेच वाचला. पुढच्याच महिन्यात एका रविवारी मी ब्लंटिशॅमला गेलो. सेयर्सचे वडील तिथे रेक्टर (चर्चचे धर्मगुरू) होते, तिचं बालपण त्याच सपाट, पाणथळ मुलखात गेलं. तिथला वारा आणि ते खाली आलेलं आभाळ अंगावर घेतल्याशिवाय 'नाइन टेलर्स'मधला पूर कळत नाही, असं माझं मत आहे. मालिका मी त्यानंतर पाहिली. पुस्तक आधी, मालिका नंतर. क्रम लक्षात घ्यावा.

तेव्हा मला वाचनाचे धडे देण्याआधी चौकशी केली असती तर बरं झालं असतं. असो. मला राग आलेला नाही.

वयाचा मुद्दा. कार्माइकलचा जन्म १९२० चा. त्याची पहिली मालिका 'क्लाउड्स ऑफ विटनेस' १९७२ च्या एप्रिलमध्ये दाखवली गेली, म्हणजे तो ५१ वर्षांचा. तुमच्या पेथरब्रिजचा जन्म १९३६ चा, १९८७ च्या वसंतात तो ५० वर्षांचा. एका वर्षाचा फरक! त्या एका वर्षात एक म्हातारा आणि दुसरा सरस? आता तुम्ही म्हणाल की पेथरब्रिजच्या 'स्ट्राँग पॉयझन'मधला विम्झी चाळिशीला टेकलेला आहे आणि 'क्लाउड्स'मधला जेमतेम तेहतिशीचा. म्हणा. मी आकडे तुमच्यासमोर ठेवले.

पेथरब्रिज वाईट आहे असं मी कुठेच लिहिलेलं नाही. त्याची नायिका झालेल्या हॅरिएट वॉल्टरबरोबरचे त्याचे प्रसंग उत्तम आहेत, पण त्याचं श्रेय मी निम्म्याहून अधिक तिला देतो.

युद्धाने मोडलेल्या माणसाबद्दल दोनच गोष्टी. १९१८ साली स्फोटात जमिनीखाली गाडला गेलेला विम्झी आणि त्याचा सार्जंट बंटर मलाही ठाऊक आहेत. 'बेलोना क्लब'ची तर सुरुवातच युद्धविरामदिनी क्लबातल्या खुर्चीत मेलेल्या म्हाताऱ्या जनरलपासून होते. त्या मालिकेत युद्ध नाही असं म्हणणाऱ्याने ती पुन्हा पाहावी. आणि कार्माइकल स्वतः दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात अधिकारी होता, रणगाड्याच्या झाकणात सापडून त्याच्या बोटाचं टोक गेलं होतं. युद्ध म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. तो हसतो, हे खरं. सेयर्सचा विम्झीही बडबड करतो, ओव्या म्हणाव्यात तशा कविता म्हणतो, आणि लोक त्याला मूर्ख समजतात तेवढ्यात त्याचं काम झालेलं असतं. पडद्यावर कपाळाला आठ्या घालून बसलं की दुःख खोल होतं, ही समजूत तुम्हाला लखलाभ.

उमरावांच्या कौतुकाबद्दलचा तुमचा टोमणा सोडून देतो. 'क्लाउड्स'मध्ये विम्झीच्या ड्यूक भावावर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये खटला चालतो, ती उमरावांची प्रथाच १९४८ साली बंद झाली. मी कौतुक करून ती परत येणार नाही.

'नाइन टेलर्स'ची ती प्रत अजून माझ्याकडे आहे. शेवटची पानं लेस्टरहून झेरॉक्स करून आणली आणि खळीने चिकटवली, त्यामुळे पुस्तक नीट मिटत नाही. हवा असेल तर फोटो टाकतो.