त्याना घरनं तो देखी लेई? शिरपूरच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आधी राग आला. सकाळी चहा घेताना परत वाचली तर त्यातलं निम्मं पटलं, म्हणून दोन ओळीत उरकत नाही, सविस्तरच लिहिते.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमधे मी ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि ऑस्ट्रेलियाचे बार्नबी जॉइस यांच्याबद्दल लिहिलं होतं, की पक्षाचं नेतृत्व मागायला आलेल्या माणसाचं खाजगी वागणं पक्षाच्या लोकांनी बघितलंच पाहिजे. त्यावर भाऊंचं म्हणणं असं की पुढाऱ्याच्या घरात डोकावून काय मिळतं, रस्ता केला का, पाणी आणलं का ते बघा, त्याना घरनं तो देखी लेई, आपले काय करनं शे (त्याच्या घरचं तो बघून घेईल, आपल्याला काय करायचंय). दुसरं म्हणजे, आयर्लंडच्या पार्नेलसारखा मोठा माणूस याच नैतिकतेच्या नादात संपवला गेला आणि नुकसान झालं ते देशाचं. आणि तिसरं, ‘ताई, तुम्ही बाई असून दुसऱ्या बायांची बदनामी चघळता, हे शोभत नाही.’

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण तेच जास्त लागलं. माझ्या पोस्टमधे एक वाक्य होतं, ‘ज्याला घर सांभाळता येत नाही तो पक्ष काय सांभाळणार.’ ते चुकलं. असली वाक्यं लहानपणापासून कानावर पडलेली असतात, लिहिताना आपोआप येतात, तपासायचं राहून जातं. आणि नेमकं हेच वाक्य माझ्या मावशीवर वापरलं होतं, हे मला तुमची प्रतिक्रिया वाचेपर्यंत आठवलंसुद्धा नाही याचं वाईट वाटतंय.

मावशी नवऱ्याला सोडून माहेरी आली होती. का आली ते सगळ्या गल्लीला माहीत होतं, अंगावरचे वळ लपवता येत नव्हते. अमळनेर तालुक्यात तिनं पंधरा वर्षं पक्षाचं काम केलं, कोणता पक्ष ते सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. बाया गोळा करून मोर्चाला नेणं, रेशनच्या रांगेत भांडणं, इलेक्शनला घरोघरी चिठ्ठ्या वाटणं, रात्री कार्यकर्त्यांसाठी भरीत-भाकरी करणं, सगळं. तालुकाध्यक्षपदाची वेळ आली तेव्हा तिचं नाव वर गेलं होतं. निरीक्षक आले, विश्रामगृहावर एकेकाला आत बोलावून मत विचारलं, आणि आत कोणीतरी म्हणलं की जिला स्वतःचं घर सांभाळता आलं नाही ती तालुका काय सांभाळणार. झालं, नाव कटलं. पद ज्याला मिळालं तो दारू पिऊन बायकोला मारायचा, हे निरीक्षकांच्या गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा माहीत असेल. त्याच्याबद्दल कोणी काही बोललं नाही. तो त्याच्या घरचा मामला होता ना.

म्हणजे बघा भाऊ, ‘त्याना घरनं तो देखी लेई’ हे आपल्याकडे ‘त्याना’च आहे, ‘तिना’ कधीच नव्हतं. बाईचं घर सगळ्या गावानं बघायचं आणि पुरुषाचं घर त्याचं त्यानं. तुम्ही म्हणता तसा खाजगी आणि सार्वजनिक असा पडदा खरोखर सगळ्यांना सारखा असता तर मी आज तुमच्या बाजूनं लिहिलं असतं. घटस्फोट झाला, दुसरं लग्न केलं, कोणाबरोबर राहतो, या गोष्टींशी मला खरंच घेणं नाही. ब्रिटनमधे पॅडी अ‍ॅशडाऊन लिबरल डेमोक्रॅट्सचे नेते असताना १९९२ ला त्यांचं जुनं प्रेमप्रकरण बाहेर आलं, त्यांनी सरळ हो म्हणून सांगितलं आणि पुढे १९९९ पर्यंत तेच नेते राहिले. मला त्यात काही गैर वाटत नाही, त्या पक्षालाही वाटलं नाही.

आता पार्नेल. तुम्ही हे उदाहरण दिलंत ते बरं केलंत, कारण ते अर्धंच सांगितलं जातं. आयर्लंडला स्वतःचं सरकार मिळावं म्हणून लढणाऱ्या पक्षाचा हा सर्वोच्च नेता, आणि कॅथरीन ओशे या विवाहित बाईबरोबर त्याचं अनेक वर्षांचं नातं. तिच्या नवऱ्यानं, कॅप्टन ओशेनं, १८८९ च्या शेवटी घटस्फोटाचा दावा टाकला, नोव्हेंबर १८९० ला निकाल लागला, आयरिश मागणीला साथ देणाऱ्या ब्रिटनमधल्या ग्लॅडस्टन यांच्या लिबरल पक्षातली धार्मिक मंडळी खवळली, आयरिश बिशप विरोधात गेले, डिसेंबरमधे पक्ष फुटला, बहुतेक खासदार उठून गेले आणि ऑक्टोबर १८९१ ला अवघ्या ४५ व्या वर्षी पार्नेल वारला. इथपर्यंत तुमचं बरोबर, दोन माणसांच्या प्रेमापायी एवढं सगळं व्हायला नको होतं. शिवाय त्या बाईची जी टिंगल झाली ती घाणेरडीच होती.

पण १८८६ ला आयर्लंडमधल्या गॅलवे शहरात काय झालं ते बघा. गॅलवेची जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली, आणि पार्नेलनं तिकीट दिलं कोणाला? कॅप्टन ओशेला! जो ओशे पक्षाची शपथ घ्यायलासुद्धा तयार नव्हता. पक्षातले हीली आणि बिगर यांनी उघड विरोध केला, गॅलवेत जाऊन दुसरा उमेदवार उभा करायची तयारी केली, तेव्हा पार्नेल स्वतः तिथे गेला आणि आपलं सगळं वजन टाकून ओशेला निवडून आणलं. आणि त्याच वर्षी जूनमधे, ज्या होमरूल बिलासाठी, म्हणजे आयर्लंडला स्वतःचं सरकार देणाऱ्या कायद्यासाठी, सगळा पक्ष जीव तोडत होता, त्यावर या ओशेनं बिलाच्या बाजूनं मत दिलं नाही, नंतर खासदारकी सोडून मोकळा झाला.

भाऊ, तुम्ही शिरपूरचे, मी अमळनेरची, तिकीट म्हणजे काय ते आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणाऱ्याला बाजूला सारून कोणालातरी वरून आणून बसवलं की कार्यकर्त्याच्या पोटात काय होतं ते आपण दर इलेक्शनला बघतो. इथे तर नेत्याच्या घरातली गुंतागुंत थेट पक्षाच्या तिकिटापर्यंत आली होती. मग ते खाजगी कुठे राहिलं? आणि खटला उभा राहिला तेव्हा पार्नेलनं मायकेल डेव्हिटसारख्या सहकाऱ्याला भरवसा दिला होता की मी यातून डाग न लागता बाहेर येईन. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, कोर्टात तर त्यानं बाजूच मांडली नाही. पक्षातली माणसं दुखावली ती नुसत्या प्रेमप्रकरणानं नाही. म्हणून मी म्हणते, पार्नेलचं उदाहरण तुमच्यापेक्षा माझ्याच बाजूला जास्त झुकतं.

जॉइसचंही तसंच आहे. नॅशनल्स हा ऑस्ट्रेलियातल्या खेड्यापाड्यातल्या शेतकऱ्यांचा पक्ष, आपल्याला जवळचा वाटावा असा, आणि जॉइस तेव्हा त्याचे नेते म्हणून देशाचे उपपंतप्रधान. फेब्रुवारी २०१८ ला बातमी आली की त्यांच्याच ऑफिसमधे आधी काम करणाऱ्या बाईबरोबर त्यांचं नातं आहे आणि ती गरोदर आहे. मूल होणं ही आनंदाची गोष्ट, त्यावर मी एक अक्षर लिहिणार नाही, आणि पेपरवाल्यांनी त्या बाईचा पोटुशी असतानाचा फोटो पहिल्या पानावर छापला ते मलाही आवडलं नव्हतं. पण प्रश्न असा आला की तिला पक्षातल्या सहकाऱ्यांच्या ऑफिसात सरकारी पगाराच्या नोकऱ्या मिळाल्या त्या कशा. नियम मोडला नाही असं जॉइस म्हणत राहिले. तेवढ्यात दुसऱ्या एका बाईची लैंगिक छळाची तक्रार पक्षाकडे आली, ती त्यांनी नाकारली, आणि त्यांनी पद सोडलं. पंतप्रधान टर्नबुल यांनी मंत्री आणि त्यांचा स्टाफ यांच्यातल्या शरीरसंबंधांवर नियम करून बंदीच घातली.

आता त्या तक्रार करणाऱ्या बाईचं काय झालं ते बघा. तक्रार गुप्त राहील या भरवशावर तिनं पक्षाला सांगितलं होतं, तिचं नाव बाहेर फुटलं. पक्षानं चौकशी केली आणि शेवटी आम्हाला काहीच ठरवता येत नाही असं कळवलं. मग जून २०२१ ला जॉइस परत त्याच पक्षाचे नेते झाले, परत उपपंतप्रधान! खेड्यातल्या बायकांनी तेव्हा उघडपणे नाराजी बोलून दाखवली. मी हे वाचलं तेव्हा मला विश्रामगृहाबाहेर व्हरांड्यात बसलेली मावशीच दिसली. वर्षभरात, मे २०२२ ला, त्याच पक्षाच्या लिटलप्राऊड यांनी त्यांना नेतेपदाच्या मतदानात हरवलं, ते वेगळं.

मला हेच सांगायचं होतं आणि मागच्या पोस्टमधे ते नीट आलं नाही, मी जरा वाहवत गेले. कोणाचं कोणावर प्रेम आहे हा प्रश्नच नाही. त्या नात्यापायी पक्षाचं पद, पैसा, तिकीट, नोकरी वापरली गेली का, त्याच्या हाताखालच्या माणसाला नाही म्हणायची सोय होती का, आणि विचारलं तेव्हा तो आपल्याच माणसांशी खोटं बोलला का, एवढंच मी विचारतेय. आणि हे पक्षानंच विचारायला पाहिजे. आमदारकीला आपण लाखो लोक मत देतो, आपल्याला रस्ता आणि पाणी दिसतं, तिथे तुमचं म्हणणं मला बरंचसं चालेल. पण पक्षाचा नेता निवडणारे थोडे असतात, ते त्याच्या गाडीत बसतात, त्याच्या ऑफिसात काम करतात, त्यांच्या मुली-सुना महिला आघाडीच्या मीटिंगला जातात. उद्या तक्रार झाली तर ती ऐकणारा शेवटचा माणूस नेताच असतो. त्याच्याबद्दलच तक्रार असेल तर जायचं कुठे?

जॉन्सन यांची गोष्ट यातच बसते. २००४ ला ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या दुसऱ्या फळीत होते, प्रेमप्रकरणाची बातमी आली, त्यांनी ती खोटी म्हणून उडवून लावली, ती खरी निघाली आणि तेव्हाचे नेते मायकेल हॉवर्ड यांनी त्यांना पदावरून काढलं. जून २०१९ ला नेतेपदाची निवडणूक ऐन रंगात असताना रात्री त्यांच्या मैत्रिणीच्या फ्लॅटमधून भांडणाचे आवाज आले म्हणून शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले, पोलिसांनी येऊन बघितलं, कारवाईसारखं काही नव्हतं. त्यानंतर लगेच बर्मिंगहॅमच्या सभेत विचारलं तर उत्तर द्यायला नकार, आणि सभासदांनी हुर्यो उडवली ती प्रश्न विचारणाऱ्याची. निकाल लागला, ९२,१५३ मतं जॉन्सनना, ४६,६५६ जेरेमी हंट यांना. तुमच्या बाजूचा मोठाच विजय म्हणा ना. फ्लॅटमधलं भांडण तुम्ही सोडा, मीपण सोडते, भांडणं सगळ्यांच्याच घरी होतात. पण २००४ चं खोटं त्या सभासदांनी विसरायला नको होतं. कारण जुलै २०२२ ला त्यांची खुर्ची शेवटी गेली ती कशावरून? पिंचर नावाच्या त्यांच्या उपप्रतोदावर दारूच्या नशेत पुरुषांच्या अंगाला हात लावल्याचा आरोप झाला, पंतप्रधानांना आधीच्या तक्रारी माहीत नव्हत्या असं त्यांच्या ऑफिसनं सांगितलं, आणि मग एका निवृत्त मोठ्या अधिकाऱ्यानं जाहीर केलं की माहीत होत्या, समोर बसून सांगितल्या होत्या. ५० हून जास्त मंत्री आणि पदाधिकाऱ्यांनी धडाधड राजीनामे दिले.

तुमच्या बाजूचं सगळ्यात जड उदाहरण तुम्ही दिलंच नाहीत, ते मीच देते. जगजीवनराम. १९७८ ला ते संरक्षणमंत्री, पंतप्रधानपदाचे दावेदार, आणि ‘सूर्या’ मासिकानं त्यांच्या मुलाचे एका तरुणीबरोबरचे खाजगी फोटो छापले. फोटो मुलाचे, शिक्षा बापाला. एवढा अनुभवी दलित नेता, १९७९ ला पंतप्रधानपद हाताशी येऊनही गेलं. गेलं ते नुसत्या फोटोंमुळे नाही, पक्षातली भांडणं होती, जात होती, राष्ट्रपतींनी लोकसभाच बरखास्त केली. पण त्या फोटोंनी त्यांच्यावर चिखल उडवायचं काम केलं, आणि त्या मुलीचा कोणी विचारसुद्धा केला नाही. ते डोकावणं होतं, शंभर टक्के. तिथे मी तुमच्याबरोबर उभी आहे.

फक्त एक विसरू नका भाऊ, आपण जळगाव-धुळ्याकडची माणसं आहोत. १९९४ ला जळगावचं ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी शाळेत होते. बायका-मुलींना फसवून, फोटो काढून, धमकावून वापरलं गेल्याचे आरोप, आणि आरोपींमधे राजकारणातली माणसं. घरात मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची आणि आम्ही आलो की गप्प व्हायची. बदनामीच्या भीतीनं कितीतरी जणी तक्रार द्यायला पुढेच आल्या नाहीत, पुढे खटल्यांत बरेच जण सुटले. तुम्ही ज्याला ‘त्याना घरनं’ म्हणता ना, त्या दोन शब्दांच्या आड काय काय लपू शकतं ते आपल्या जिल्ह्यांनी बघितलंय. म्हणून कोणी ते शब्द सहज वापरले की माझा आवाज चढतो, मागच्या पोस्टमधे चढला तो त्यामुळेच.

मावशी आता सत्तरीला आली, सुनेबरोबर केळीच्या वेफर्सचं छोटं काम बघते, पक्षाचं नाव काढत नाही. ते ‘घर सांभाळता येत नाही’वालं वाक्य मी आज पोस्टमधून काढतेय, काढलंय अशी नोंदही खाली ठेवते. तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी राहील. पण गॅलवेच्या तिकिटाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते मात्र नक्की लिहा, तुम्ही इतकी वर्षं पक्षात काम केलंय, ओशेच्या जागी तुमच्या तालुक्यातला कोणी आणून बसवला असता तर तुम्ही ‘घरचा मामला’ म्हणाला असतात का?