न वाजलेल्या फोनची वही

आमच्या हिनं आजवर किमान चारशे माणसांना शंभर वर्षांचं आयुष्य दिलं आहे. कुणाचं नाव निघालं आणि तोच माणूस दारात उभा राहिला, किंवा त्याचा फोन वाजला, की ही लगेच म्हणते, "शंभर वर्षं आयुष्य आहे बघा तुम्हाला!" त्यातले काहीजण साठीच्या आतच गेले. त्यांच्या दहाव्यालाही आम्ही जाऊन आलो. पण हिच्या खात्यात ती वजाबाकी कधी झाली नाही. मी बँकेत छत्तीस वर्षं जमाखर्च लिहिला आहे. एकाच बाजूनं फुगत जाणारं खातं दिसलं की माझ्या पोटात ढवळतं.

त्यात भर म्हणजे आमचे साडू. राहायला राजारामपुरीत. साडूंच्या आयुष्यात योगायोग होत नाहीत, त्यांना संकेत मिळतात. पाल चुकचुकली की ते बोलणं अर्धवट सोडतात आणि टेबलावर बोटानं टकटक करून "कृष्ण, कृष्ण" म्हणतात. उचकी लागली की एकेका नातेवाइकाचं नाव घेत जातात. ज्या नावाला उचकी थांबेल, त्यानं आठवण काढली असं समजायचं. गेल्या दिवाळीत त्यांची उचकी माझ्या नावाला थांबली. मी तेव्हा त्यांच्या समोरच चिवडा खात बसलो होतो.

हे प्रकरण पेटलं ते रंकाळ्यावरून. साडू म्हणाले, "काल संध्याकाळी चालता चालता मनात म्हटलं, बरेच दिवसांत तुम्ही दिसला नाही. आणि मान वर करतोय तोवर तुम्हीच समोर! आता याला काय म्हणायचं सांगा."

"कोल्हापूर म्हणायचं," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. इथं संध्याकाळी रंकाळ्याला गेलेल्या माणसाला ओळखीचं कुणी भेटलं नाही, तर ती खरी चौकशी करण्यासारखी गोष्ट. पण साडू हटले नाहीत. त्यांनी थेट अंबाबाईचा किरणोत्सव काढला. मावळतीचा सूर्य बरोबर देवीच्या चरणांवर, मग गळ्याशी, मग मुखावर. हा काय योगायोग? मी म्हटलं, अजिबात नाही. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, पुन्हा ९, १० आणि ११ नोव्हेंबर, असं जे तारखेनं होतं तो हिशेब असतो, आणि तो घालणाऱ्या कारागिराला माझा दंडवत. योगायोग म्हणजे ऐन वेळी येणारा ढग. साडू म्हणाले, "ढगसुद्धा तिच्याच इच्छेनं येतो." यावर बोलायचं काही राहत नाही. मी चहा घेतला.

वास्तविक आपल्या पूर्वजांनी या भानगडीचा निकाल कधीच लावून ठेवला आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात याचाच काकतालीय न्याय; तिथं फांदीऐवजी ताडाचं फळ पडतं, एवढंच. त्याचा धाकटा भाऊ घुणाक्षर न्याय मला जास्त आवडतो. लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या रेघांतून एखादं अक्षर उमटलं, म्हणून किडा साक्षर ठरत नाही. (लिहिणाऱ्या मंडळींनी हा न्याय जरा जपूनच वाचावा. मी वाचला आणि माझे जुने लेख काढून पाहिले. किडा बऱ्यापैकी दिसला.)

आता आमच्या रविवारच्या कट्ट्याविषयी सांगायला हवं. आम्ही सातजण. आधी मिसळ, मग एकाच्या गच्चीवर तत्त्वज्ञान. एकदा उलटा क्रम करून पाहिला, पण मंगळवार पेठेतून फोडणीचा वास आल्यावर अद्वैत दहा मिनिटांत उरकलं. साडूही येतात, मिसळीपासून. यंदा वाचायला घेतला होता उदार धर्मविचार. मुंबईत १८६७ साली निघालेला प्रार्थना समाज, त्यातले रानडे आणि भांडारकर, आणि पुढं विठ्ठल रामजी शिंदे. रानड्यांचं बालपण कोल्हापुरात गेलं, हे आम्ही दर दोन रविवारी एकमेकांना सांगतो. शिंदे १९०१ साली युनिटेरियन, म्हणजे त्रिमूर्ती न मानता एकच देव मानणाऱ्या उदार ख्रिस्ती मंडळींच्या मदतीनं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्म शिकायला गेले. कुठलाही ग्रंथ डोळे मिटून मानायचा नाही, मूर्ती नाही, मध्यस्थ नाही, पण देव आहे आणि त्याची प्रार्थना करायची, असा हा स्वच्छ पांढरा धर्म. आमच्या निवृत्त प्राध्यापकांना तो फार आवडतो. साडूंना त्यात मीठ कमी वाटतं.

एका रविवारी प्राध्यापक सहज बोलून गेले की शिंद्यांचा जन्म १८७३चा आणि फुल्यांचा सत्यशोधक समाजही १८७३चाच. साडूंच्या हातातला पाव तसाच राहिला. "एकाच साली?" त्यांचे डोळे भरून आले. शाहू महाराज १८७४ साली जन्मले, एक वर्ष थांबले, ते बरं झालं. नाहीतर साडूंनी त्या सालाचा ताईत करून गळ्यात घातला असता.

तिथूनच वाद निघाला. देव जर चमत्कार करत नसेल, निसर्गाचे नियम मोडत नसेल, तर योगायोग कुणाच्या खात्यावर टाकायचे? यावर पुढच्या महिन्यात कुणीतरी निबंध वाचावा असं ठरलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा रस्सा वाढून घेत होतो. हात वर असलेला माणूस मीच एकटा.

निबंध लिहायचा तर पुरावा हवा. मी महाद्वार रोडवरून दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर 'घडले', उजव्या पानावर 'न घडले'. नियम साधा. कुणाची आठवण आली की वेळ टाकून नाव लिहायचं. तासाभरात त्या माणसाचा फोन आला किंवा तो भेटला तर डावीकडं, नाहीतर उजवीकडं. एक महिना. जगात सगळ्यांनी डावं पानच लिहिलंय, उजवं मी लिहिणार, अशा ऐटीत मी पेनात नवी कांडी घातली.

तिसऱ्या दिवशी मी कावलो. माणसाच्या डोक्यात किती माणसं ये-जा करतात याची मला कल्पनाच नव्हती. दात घासताना दोन. दूध तापवताना तीन. आंघोळीच्या वेळी तर लग्नाचा हॉल भरावा तशी. ओल्या अंगानं बाहेर येऊन नोंद करायची, तोवर आणखी चार. एकदा केएमटीत उभ्यानं वही लिहीत होतो, तर कंडक्टरला वाटलं तपासणीवाले आलेत. तो उगाचच सगळ्यांना तिकिटं विचारत सुटला.

नोंदी पुढीलप्रमाणे. सकाळी ७.१०, गडहिंग्लजची आत्या, फोन नाही. ७.१२, शाळेतले ड्रॉइंगचे सर, फोन नाही. ९.४०, बँकेतला शिपाई, फोन नाही. दुपारी १.१५, सु., फोन नाही. रात्री ११.३०, सु., फोन नाही. आईची आठवण रोज चारच्या चहाला. पहिल्या दिवशी तिच्यापुढं 'फोन नाही' लिहायला गेलो आणि पेन थांबलं. मग 'लागू नाही' असा तिसरा रकाना आखला. तो फार लवकर भरायला लागला, म्हणून त्याची बेरीज काढली नाही.

जोडीला वाचन चालूच होतं. युंग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५२ साली अर्थपूर्ण योगायोगांवर लिहिलं. त्याची एक रुग्ण त्याला स्वप्न सांगत होती. स्वप्नात तिला कुणीतरी सोन्याचा भुंगा दिला होता. तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. युंगनं खिडकी उघडली तर तसाच सोनेरी झाक असलेला भुंगेरा. त्यानं तो पकडून बाईंच्या हातात दिला. मी हे वाचत होतो तेव्हा आमच्याही खिडकीतून काहीतरी आत आलं. ही खिडकी पावसाळ्यापासून नीट लागत नाही. मी श्वास रोखून पाहिलं. झुरळ होतं. प्रत्येकाला आपापल्या ऐपतीचा संकेत मिळतो.

दुसऱ्या आठवड्यात मात्र मी खरोखर हललो. करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० सालापासूनचं. तिथून धर्मचिंतनावरचं एक जुनं पुस्तक आणलं होतं. एका पानावर थांबलो, मनात विचार आला की लेखक इथं प्रश्नाला बगल देतोय, आणि समासात पाहतो तर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं, 'इथे बगल दिली आहे.' अंगावर काटा आला. याच शहरात, कुठल्या काळी कोण जाणे, अगदी माझ्यासारखा विचार करणारा एक माणूस होता! मी पुढं चाळत गेलो. आणखी चार टिपा, एकेक लाखमोलाची. हिला वाचून दाखवल्या. "किती मार्मिक वाचक आहे बघ. असा माणूस भेटायला पाहिजे."

हिनं पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "अहो, हा 'ष' तुमचा आहे."

होता. मी ते पुस्तक वीसेक वर्षांपूर्वी नेलं होतं आणि साफ विसरलो होतो. वर सार्वजनिक पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्यांवर मी एक खरमरीत लेखही लिहिलेला आहे. रात्रभर खोडरबर घेऊन बसलो. डावीकडं लिहायचं की उजवीकडं, ते अजून ठरलेलं नाही.

चोविसाव्या दिवशी वही हिच्या हाती लागली. आमच्या कोल्हापूरकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असं बोलतात, याची बाहेरच्यांना गंमत वाटते. भांडणात त्या 'तो'ला केवढं वजन येतं, हे ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

"मी सगळं वाचलो," ही म्हणाली. "ही सु. कोण?"

"कोण सु.?"

"मी मोजतो थांबा. सदतीस वेळा. सदतीस! सख्ख्या बहिणीची आठवण चार वेळा, माझी तर एकदा पण नाही."

"अगं, तू समोरच असतेस. आठवण कशी येईल?"

हे बोलायला नको होतं.

"सु. म्हणजे सुतार!" मी म्हटलं. "खिडकीसाठी पंधराशे रुपये घेऊन गेलाय तो. जूनपासून पत्ता नाही. फोन उचलत नाही."

"रात्री साडेअकराला सुतार आठवतो व्हय तुम्हाला?"

"वाऱ्यानं खिडकी आपटते तेव्हा आठवतो!"

आम्ही दोघांनी खिडकीकडं पाहिलं. त्या क्षणी ती एकदा आपटली असती तर मी सुटलो असतो. वारा साफ पडला होता. महिन्यातल्या न घडलेल्या योगायोगांत मी याला पहिला नंबर देतो.

शनिवारी रात्री वही बंद केली, बेरजा मारल्या. रविवारी निबंध वाचला. न घडले, चारशे बारा. घडले, पाच. त्या पाचांत दोन फोन साडूंचे. ते दिवसातून तीनदा करतात. एक गॅस सिलिंडरवाल्याचा, कारण नंबर मीच लावला होता. चौथा आत्याचा, संकष्टीला, ती दर संकष्टीला करते. उरला एक. साताऱ्याचा जुना मित्र, अकरा वर्षांनी, त्याचं नाव लिहून पेन खाली ठेवतोय तोच.

आमच्या गणिताच्या सरांनी छान मुद्दा जोडला. लिटलवूड या केंब्रिजच्या गणितज्ञाच्या नावानं एक हिशेब सांगतात. माणूस दिवसाला आठ तास सावध असतो आणि सेकंदाला एक गोष्ट टिपतो असं धरलं, तर पस्तीस दिवसांत दहा लाख गोष्टी होतात. म्हणजे दहा लाखांत एक असा चमत्कार महिन्याकाठी प्रत्येकाच्या वाट्याला यायलाच हवा. मग ते म्हणाले, तेवीस माणसं जमली तर त्यांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. पडताळा म्हणून त्यांनी आमच्या तारखा विचारल्या. सातांपैकी चौघांची १ जून निघाली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. सरांनी फळा पुसला.

मी वाट पाहत होतो की आता चारशे बारावर चर्चा होईल. घटकाभर कुणी बोललं नाही. मग प्राध्यापकांनीच, ज्यांना तो स्वच्छ पांढरा धर्म आवडतो त्यांनीच, पुढं वाकून विचारलं, "तो साताऱ्याचा मित्र काय म्हणत होता हो?"

सगळे सरसावून बसले. साडूंनी तर टेबलावर टकटक केली.

तो म्हणत होता, चुकून लागला. पण मग आम्ही पाऊण तास बोललो, हे मी सांगितलं नाही.

घरी आलो, मागं साडू. दारात चपला. आत सुतार चहा पीत बसलेला आणि ही त्याला सांगतेय, "शंभर वर्षं आयुष्य आहे बघा तुम्हाला! परवाच भांडलो आम्ही तुमच्यावरनं."

"सकाळपासनं सायबांची लई आठवण येत हुती," सुतार म्हणाला. "म्हटलं, जाऊन यावं."

मी वहीकडं पाहिलं. काल रात्रीच बंद केलेली, दोन्ही बेरजांखाली सही ठोकून.

सुतारानं खिडकीची चौकट ठोकून पाहिली, नखानं जुना रंग खरवडला. खाली लाकडात बारीक बारीक नागमोडी रेघा. मी चष्मा लावला. खरंच, एक स्पष्ट 'र' दिसत होता.

"रामाचा!" साडू म्हणाले.

सुतारानं त्या अक्षरात पटाशीचं टोक घातलं. रामाचा भुसा झाला. "घुण लागलाय. चौकटच बदलावी लागंल. आधीचं धरून आणि दोन हजार द्या."

दिले. बुधवारी येतो म्हणून तो गेला. हिनं वही उघडली, उजव्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'बुधवार. सु.' आणि मान वर करून मला विचारलं, "फोन नाही, हे आत्ताच लिहून ठेवू का?"